शेमसाचा एकटीचा दिवस

शेमसा घरातून निघाली तेव्हा मी समोरच्याच बाल्कनीत गालिचा झटकत होते, आणि मला ती दिसली नाही. हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या इमारतीतल्या बायका अजून टोमणे मारतात, "काय झुम्रा, तुझ्या नाकाखालून गेली आणि तुला पत्ता नाही?" नव्हता पत्ता! अख्ख्या झेनित्सा शहरात तिच्यावर माझ्याइतकं लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नसेल. आमची दारं समोरासमोर. तिनं कांदा चिरला की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आणि ही बया मला एका शब्दानं न सांगता सकाळच्या बसनं त्राव्निकला गेली. डोंगरात. एकटी. फिरायला!

फिरायला म्हणजे कुणाच्या लग्नाला नाही, मयताला नाही, डॉक्टरकडे नाही. नुसतंच फिरायला. असं कोण जातं हो?

त्यातून शेमसा! ही बाई जन्मात कधी एकटी कुठे गेलेली नाही. लहानपणी आईचा हात धरून, लग्न झाल्यावर फादिलच्या मागून. फादिल म्हणजे तिचा नवरा. पोलादाच्या कारखान्यात उंच क्रेनवर बसायचा, त्यामुळे जमिनीवर आला तरी सगळ्यांकडे वरूनच बघायचा, पण माणूस चांगला. शेमसा कामगारांचे निळे डगले शिवायच्या कारखान्यात होती. सहल निघायची तीही शिवणवाल्या बायकांची बस भरून. समुद्र तिनं पाहिला, पण बायकांच्या घोळक्यातून, कुणाच्या तरी खांद्यावरून. अंगानं एवढीशी, पण आवाज असा, की तिनं जिन्यात हाक मारली की तळमजल्यावरचा कुत्रा भुंकून ओ देतो. फादिल गेला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती घरात एकटी, म्हणजे मला माणसात धरलं नाही तर. आणि तिची मुलगी मला धरत नाही.

मुलगी बेल्मा. लिंझला असते, ऑस्ट्रियात, एका दातांच्या दवाखान्यात. तिचा नवरा वेर्नर तिथलाच, उंच, गुलाबी, आणि लोण्यासारखा मऊ. दोघं आठवडाभरासाठी आली होती आणि यावेळी बेल्मानं पक्कं ठरवलं होतं, आईला घेऊनच जायचं, कायमचं. तिकडे खोली तयार, खोलीला पडदे तयार. इकडे घर घ्यायला गिऱ्हाईक तयार. फक्त आई तयार नव्हती. आई नाही म्हणत नव्हती, पण हो पण म्हणत नव्हती.

"आई, तू इथे एकटी असतेस. पडलीस-बिडलीस तर?"

"पडले तर झुम्रा आहे की."

"झुम्रामावशीचंच वय पडायचं झालंय."

मी तिथेच बसले होते, बरं का! माझ्या हातात तिनंच आणलेलं चॉकलेट होतं म्हणून गप्प बसले.

शेवटी बेल्मा म्हणाली, "गुरुवारी आम्ही निघतोय. बुधवारी संध्याकाळपर्यंत मला सांग. हो किंवा नाही. मी आता पुन्हा विचारायची नाही."

पोरीचंही चुकत नव्हतं. फोन लागला नाही की तिकडे तिचा जीव टांगणीला लागायचा. आणि शेमसाची पंचाईत अशी, की तिनं लिंझ पाहिलेलं होतं. एक अख्खा हिवाळा ती तिथे राहून आली होती. लेक-जावई सकाळी कामाला जायची ते अंधार पडल्यावर परत. दिवसभर ही आणि खिडकी. खाली बाकावर एक म्हातारी रोज येऊन बसायची. शेमसानं एक आठवडा धीर धरला, मग खिडकी उघडून हात हलवून जोरात ओरडली, "बाई, वर या! कॉफी टाकलीये!" बोस्नियन भाषेत. दुसरी येते कुठे तिला! त्या म्हातारीनं वर पाहिलं, घाबरली, आणि पिशवीतून फोन काढला. थोड्या वेळात खाली रुग्णवाहिका. दोन धिप्पाड माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. शेमसानं त्यांना बसवलं आणि कॉफी दिली. एकजण प्यायलासुद्धा. पण म्हातारी त्यानंतर त्या बाकावर कधी आली नाही. हा किस्सा शेमसा इतका रंगवून सांगते की आम्ही हसून हसून लोळतो. म्हातारी पुन्हा आली नाही, इथवर आलं की मात्र तीच हसायची थांबते.

तर त्या बुधवारी सकाळी शेमसानं स्वतःशीच पैज लावली. हे तिनं मला नंतर सांगितलं. बेल्मा म्हणते ना, तू एकटी आहेस? मग बघूच. एक दिवस खरंच एकटीनं काढायचा, ओळखीचं कुणी नाही अशा ठिकाणी. आपला आपल्याला कंटाळा आला नाही, तर इथेच राहायचं. पोटात खड्डा पडला, तर मुकाट्यानं बॅग भरायची. लेक-जावई अजून झोपलेली होती. तिनं फोन पावाच्या डब्यात टाकला, वर फडकं झाकलं, आणि जोडे हातात घेऊन जिना उतरली. म्हणून मला चाहूल लागली नाही. फसवलंच तिनं मला, दुसरं काय!

बसमध्ये तिनं खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवली. पर्स आपली पहारेकरी. पहिल्याच थांब्यावर एक जाडजूड बाई चढली, दोन्ही हातांत टोमॅटोच्या रोपांचे खोके. तिनं पर्स उचलली, शेमसाच्या मांडीवर ठेवली आणि बसली.

"एकटीच का गं?"

"हो," शेमसा म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

"कुणाची तू?"

आता या प्रश्नाला उत्तर न देणारं माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचंय. शेमसानं बापाचं नाव सांगितलं. त्या बाईनं, राझिया तिचं नाव, बापावरून आजा काढला, आज्यावरून काकाञ गावचा एक चुलता काढला, आणि तो चुलता तिच्या नणंदेचा सासरा निघाला. झालं! लगेच पालक भरलेली पापुद्र्यांची झेल्यानित्सा निघाली, उकडलेली अंडी निघाली. शेमसानं वाऱ्यासाठी खिडकी थोडी सरकवली तर राझियानं हात लांब करून धाडकन लावली.

"मान धरेल! वेडी की काय तू? एवढी हवा कुणी खातं का?"

"मी हवा खायलाच निघालेय."

"मग तिथे जाऊन खा. बसमध्ये अंडं खा."

राझिया वितेझला उतरली. उतरताना दह्याच्या डब्यात लावलेलं एक टोमॅटोचं रोप शेमसाच्या हातात कोंबून गेली. "बाल्कनीत लाव. रोज थोडं पाणी घाल, आणि बोलत जा त्याच्याशी." शेमसा म्हणाली, अगं मी कदाचित परदेशी... पण तोवर बस हलली होती. तेव्हा पुढचा अख्खा दिवस ती ते रोप छातीशी धरून हिंडली.

त्राव्निकला पोचल्यावर बाईसाहेब थेट प्लावा वोदाला, म्हणजे झऱ्याकाठच्या कॉफीखान्यात गेल्या. कडेकपारीतून पाणी फुटतं आणि खळखळत टेबलांच्या मधूनच वाहतं. शेमसानं अगदी कडेचं टेबल निवडलं, रोप पुढ्यात ठेवलं, पाय लांब केले. डोंगरावरून गार वारा येत होता, उन्हाला नुसती ऊब होती. पोट सुटलेला वेटर आला. तिनं एक कॉफी मागितली. त्यानं तांब्याच्या भांड्यात कॉफी आणली, साखरेचे खडे आणले, आणि फिल्जान, कॉफीचे ते बिनकानाचे चिमुकले कप, मात्र दोन.

"एकच हवा होता," शेमसा म्हणाली.

"दुसरा येणाऱ्यासाठी."

"कुणी येणार नाहीये."

"येईल हो, मावशी. घाई काय आहे?" तो म्हणाला आणि जाता जाता रोपाला पेलाभर पाणी घालून गेला.

शेमसानं साखरेच्या खड्याचा कोपरा कॉफीत बुडवला, दातांत धरला, आणि पहिला घोट घेणार, तोच शेजारच्या टेबलावरून एक म्हातारा खुर्चीसकट सरकत सरकत आला. आसिम त्याचं नाव, जन्मभर न्हाव्याचं काम केलेला. हे तिला लगेच कळलं कारण त्यानं आधी तिचे केस पाहिले.

"कुणी कापलेत हे?"

"अहो, मला जरा एकटीनं बसायचंय."

"बसा की! मी कुठे अडवलंय?" आसिम म्हणाला, आणि दुसरा फिल्जान आपल्याकडे ओढून घेतला. "मी काही बोलणारसुद्धा नाही."

मग त्यानं आपला गुडघा सांगितला, सुनेचा स्वभाव सांगितला, मेलेल्या बायकोच्या हातचं सूप सांगितलं, आणि वर म्हणाला, "तुम्ही किती कमी बोलता हो! एकट्या राहून सवय झाली वाटतं." आमची शेमसा आणि कमी बोलते! हे ऐकून मला कॉफीचा ठसका लागला होता. तिनं शेवटी त्याला हात जोडले, त्राव्निकचं मेंढीचं चीज कुठलं घ्यावं एवढं विचारलं, आणि सुटली. तो दुकानापर्यंत सोडायला आला ते सोडा.

दुपारच्या उन्हात ती किल्ल्याच्या खालच्या चढाच्या गल्लीत शिरली. एका हातात चीज, एका हातात रोप. तिचं मन खट्टू झालं होतं. अर्धा दिवस गेला आणि पैजेला सुरुवातच होईना. एकटी असल्याशिवाय एकटेपण सोसवतं की नाही हे कळणार तरी कसं? आणि संध्याकाळी बेल्माला काय तोंड दाखवायचं?

दम लागला तेव्हा ती एका दगडी कठड्यावर बसली. जोडे काढले. खाली सगळं गाव, कौलं, मिनार, वर व्लाशिच डोंगराचा हिरवागार उतार, कुठूनतरी मेंढ्यांच्या घंटा. गल्लीत चिटपाखरू नाही. वाऱ्यानं घाम सुकला, पायाची बोटं मोकळी झाली. कुणाचा स्वयंपाक नाही, कुणाची औषधं नाहीत, कुणाला उत्तर द्यायचं नाही. "झुम्रा, अल्लाशपथ सांगते," ती मला म्हणाली, "इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी तिथे एकटीच हसले." मी विचारलं, "मग? जिंकलीस की पैज!" तर म्हणते, "कसली जिंकते! हसले, आणि लगेच मान वळवली. हे कुणाला तरी सांगायला हवं म्हणून. शेजारी टोमॅटो."

आणि तेवढ्यात डोक्यावरची खिडकी उघडली.

"अगं बाई! उन्हात काय बसलीस अशी? वर ये! कॉफी टाकलीये!"

शेमसा सांगते, तिनं झटकन वर पाहिलं. तेच शब्द. लिंझला खिडकीतून ती जे ओरडली होती अगदी तेच. फक्त इथे ते कळत होते. ती नाही म्हणायच्या बेतात होती, पण पाय आपले जोड्यांत शिरले आणि जिना चढले.

ही बाई मेयरा. शेमसाच्याच वयाची, कमरेत वाकलेली, घर आरशासारखं लख्ख. दारात पाहुण्यांच्या सपातांची रांग लावलेली, सगळ्या मापांच्या, आणि सगळ्या कोऱ्या. मेयरानं पहिली कॉफी दिली.

आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या असतात. पहिली स्वागताची. दुसरी गप्पांची, ती कितीही लांबते. आणि तिसरी सिक्तेरुशा. घरची बाई तोंडानं काही म्हणत नाही, नुसती तिसरी आणून ठेवते. पाहुणा समजतो, पितो आणि जोडे घालतो. निघा आता, असं म्हणून कुणी वाईट व्हायला नको. लहानपणापासून आम्हांला ते कळतं. हल्लीची पोरं मशीनची कॉफी पितात, त्यांना कुठून कळणार, पण बेल्मा आमच्यातच वाढलेली, तिला कळतं.

शेमसा पहिली प्यायली, दुसरी प्यायली. मेयरानं तिचा बाप काढला, आजा काढला. मग शेमसा तिसरीची वाट बघायला लागली. तिसरी आली की उठता येईल, आणि अजून तासभर कठड्यावर बसून पैज पुरी करता येईल. पण तिसरी काही येईना. मेयरा उठली की शेमसाला वाटायचं, आली! तर बाई मुरांबा घेऊन यायची. पुन्हा उठली, तर फोटो घेऊन आली. दोन मुलगे, दोघं स्वीडनला, नातवंडांचे केस पिवळेधमक. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून शेमसाच म्हणाली, "मेयरा, सिक्तेरुशा आण बाई, मला निघायला हवं. मला आज एकटीनं राहायचंय."

"एकटीनं? का?"

मग शेमसानं सगळं सांगितलं. लिंझ, पडदे, पैज, संध्याकाळ. मेयरा आधी नुसती ऐकत होती, मग हसत सुटली, इतकी की तिला मुरांब्याची बशी खाली ठेवावी लागली.

"एकटी राहायला तू त्राव्निकला आलीस? अगं, त्यासाठी तर लिंझ होतं की!"

शेमसालाही हसू फुटलं. दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग मेयरानं डोळे पुसले ते पुसतच राहिली.

"तिसरी मी करत नाही गं," ती म्हणाली. "लढाईत माझी पोरं देश सोडून गेली ना, ती एका पहाटे, ट्रकमधून, जोड्यांचे बंद न बांधता. पहिली अजून उकळलीसुद्धा नव्हती. त्यानंतर या घरात मी कुणाला तिसरी दिली नाही. हात चालत नाही. तू तुझी तू ऊठ, तुला कुणी धरून ठेवणार नाही. पण मी काही देणार नाही."

शेमसानं दाराकडे बघितलं. तिनं विचारलं, "मग एवढ्या सपाता कशाला मांडल्यास?" मेयरा म्हणाली, "रोज खिडकी उघडते. कुणी ना कुणी दमून बसतंच खाली. मी हाक मारते. येतात."

एवढंच बोलली मेयरा. आणि शेमसाच्या मनातली गाठ सुटली. कशी सुटली ते तिला धड सांगता येत नाही, मी विचारून पाहिलं. म्हणते, मेयरा माझ्यापेक्षा किती एकटी, पण तिची खिडकी चालते. माझीही इथे चालते. तिकडे नाही चालत.

बसची वेळ झाली तेव्हा मेयरा घरातल्याच सपाता घालून थांब्यापर्यंत आली. वाटेत आसिम भेटला, तो आला. आसिमला हाक मारायला वेटर बाहेर आला, तो रोपाला पुन्हा पाणी घालून गेला. चीजवाली उगाचच आली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"किती जण?"

"एकटीच आहे मी," शेमसा म्हणाली, आणि सगळा थांबा हसला.

इकडे आमच्याकडे काय चाललं होतं ते विचारू नका! बेल्मानं सकाळी फोन लावला तर पावाच्या डब्यात वाजला. दवाखाना झाला, कबरस्तान झालं, फादिलच्या कबरीवर मी स्वतः जाऊन आले. संध्याकाळी मी, बेल्मा आणि वेर्नर शेमसाच्या बैठकीत बसून होतो. वेर्नर एकटाच शांत, तो मी वाळवलेले अंजीर खात होता.

"बघितलंत मावशी? हेच म्हणते मी! उद्या खरंच काही झालं तर?" बेल्मा रडकुंडीला आली होती.

"माझ्यावर काय ओरडतेस? मला तरी कुठे सांगून गेली!" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. ही गेली तर समोरचं दार कुणाचं? कोण भलता माणूस येऊन राहील? पण हे मी बेल्मापाशी कशाला बोलू!

तेवढ्यात जिन्यात आवाज. खालचा कुत्रा भुंकला. मी म्हटलं, आली!

दारात शेमसा, नाक उन्हानं लाल, एका हातात चीज, एका हातात टोमॅटोचं रोप.

"कुठे होतीस तू?" बेल्मा किंचाळली.

"त्राव्निकला. फिरायला. बसा, कॉफी टाकते."

"आई, कॉफी नकोय! आज उत्तर द्यायचं होतं!"

"कॉफीशिवाय कसलं उत्तर," शेमसा म्हणाली, रोप बाल्कनीत ठेवलं, आणि आत गेली.

पहिली आली. आम्ही मुकाट्यानं प्यायलो. दुसरी आली, आणि दुसरीवर तिनं आम्हांला अख्खा दिवस सांगितला, राझिया, अंडं, आसिमचा गुडघा, सगळं. बेल्माचा राग टिकेना. आसिमचं ऐकून तर तिच्या नाकातून कॉफी आली. मेयराचं मात्र शेमसानं थोडक्यात सांगितलं. मग बेल्मानं आईचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आई, आता सांग ना. हो की नाही?"

शेमसानं आपला फिल्जान खाली ठेवला. तिनं लेकीचा हात थोपटला, उठली, आत गेली. आतून तांब्याच्या भांड्याचा आवाज आला, कॉफी वर आल्याचा वास आला. आणि ती तिसरी घेऊन आली.

वेर्नरनं आनंदानं फिल्जान उचलला, एका घोटात संपवला, आणि आपल्या मोडक्या भाषेत म्हणाला, "फार छान! अजून एक?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

बेल्मा फिल्जानकडे बघत राहिली. पोरीचा चेहरा उतरला.

"आई. मला हाकलतेस?"

"हाकलत नाही गं, वेडे. पाठवतेय." शेमसा तिच्या शेजारी बसली. तिचा तो दणदणीत आवाज कुठे गेला कोण जाणे, अगदी बारीक झाला होता. "तुझं घर तिकडे आहे, पडद्यांचं. तू तिकडे सुखी आहेस, हे मी पाहिलंय. तुला तिसरी द्यायला मी इथे आहे आणि ती प्यायला तू समोर आहेस, ही केवढी गोष्ट आहे हे मला आज कळलं. पी, बाळा. गार होतेय. आणि सुट्टीत ये, मी पहिली टाकून ठेवते."

बेल्मा रडली. मग रडता रडता हसली, कारण वेर्नर अजून रिकामा फिल्जान पुढे करून बसला होता. तिनं डोळे पुसले, फिल्जान दोन्ही हातांत धरला, आणि कॉफी तळाच्या गाळापर्यंत प्यायली.

मी उठले. तिसरी आली की उठायचं, हे मला कुणी शिकवायला नको. मायलेकींमध्ये मी कशाला! सपाता काढून जोड्यात पाय घालणार, तोच मागून हाक आली, नेहमीसारखी, जिना हलवणारी.

"झुम्रा! तू कुठे निघालीस?"

"तिसरी आली ना," मी म्हटलं.

"डोळे फुटले का तुझे? ट्रेवर किती फिल्जान होते?"

मी बघितलं. दोनच होते.

"ती त्यांची होती," शेमसा म्हणाली. "तुझी अजून पहिलीच चाललीये. बस खाली."

मी बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कांदा तर कुणीच चिरत नव्हतं.